परका जीन ओळखतं कोण? सूत्रकृमीतले छोटे आरएनए आणि विझलेला जीएफपी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी. एलेगन्स या प्रयोगशाळेतल्या चिमुकल्या सूत्रकृमीच्या जर्मलाइनमध्ये, म्हणजे अंडी आणि शुक्राणू घडवणाऱ्या पेशींत, जीएफपी या जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा ट्रान्सजीन, म्हणजे बाहेरून आणलेला जीन, क्रिस्पर या जीनकात्रीने बसवला. एकच प्रत, योग्य जागी. दोन पिढ्या छान चमकला आणि मग विझला. डीएनए वाचून पाहिला तर एक अक्षरही बदललेलं नाही. मग हा जीन परका आहे हे कृमीला कळलं कसं? ही यंत्रणा उत्क्रांतीत आली कुठून? आणि यातून सुटका कशी करून घ्यायची?

आधी गाभा सांगतो. कृमीला काहीच कळलेलं नाही. परकं ओळखण्याची सोयच त्याच्याकडे नाही. त्याच्याकडे आहे तो सरसकट संशय आणि त्यातून घरच्यांना मिळणारी सूट. सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन चोर ओळखत नाही. वहीत नाव नसलेल्या प्रत्येकाला तो अडवतो. तुमच्या जीएफपीचं नाव वहीत नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा. हा फरक नुसता शब्दांचा वाटेल, पण दुरुस्तीचा प्रत्येक उपाय त्यावरच उभा आहे.

उत्क्रांतीचं उत्तरही याच अंगाने जातं. यंत्रणेचे दोन भाग आहेत, एक संशय घेणारा आणि एक शिक्षा करणारा. शिक्षा करणारा भाग फार जुना आहे आणि सूत्रकृमींनी तो जपला, वाढवला. संशय घेणारा भाग मात्र शाखेशाखेत बदलला आणि काही शाखांतून पार नाहीसा झाला. तरीही शिक्षेचं काम थांबलं नाही.

शिक्षा कशी होते

१९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांच्या गटांनी दाखवलं की जीन बंद पाडण्याचं काम दुहेरी आरएनए करतो, एकेरी धागा जेमतेम. त्या प्रयोगातली एक बारीक गोष्ट पुढे सर्वांत मोलाची ठरली: दर पेशीत दुहेरी आरएनएचे मोजके रेणू पुरत होते. एवढ्याशा मालाने हजारो एमआरएनए, म्हणजे जीनवरून लिहिलेले प्रथिन बनवायचे निरोप, संपवायचे, तर मधे कुठेतरी प्रती काढणारं यंत्र असलंच पाहिजे. ते यंत्र म्हणजे आरएनएवरून आरएनए बनवणारं पॉलिमरेज, पुढे त्याला आरडीआरपी म्हणतो.

क्रम असा चालतो. दुहेरी आरएनए आला की डायसर हा कापणारा एन्झाइम, सोबत आरडीई-४ हे प्रथिन, त्याचे सुमारे २३ न्यूक्लिओटाइडचे (म्हणजे अक्षरांचे) तुकडे करतो. तुकडा आरडीई-१ या आर्गोनॉट प्रथिनात बसतो आणि जुळणारा एमआरएनए शोधतो. इथपर्यंतचे तुकडे थोडेच असतात. पुढे आरडीई-८ त्या एमआरएनएला तोडतो आणि तुटलेल्या टोकाला आरडीई-३ यूजी-यूजी-यूजी अशी शेपटी जोडतो. ही शेपटी म्हणजे ‘याच्या प्रती काढा’ असा शिक्का. केंद्रकाच्या बाहेर म्यूट-१६ या प्रथिनाभोवती जमलेल्या ठिपक्यांत आरआरएफ-१ किंवा इगो-१ ही पॉलिमरेजं त्या साच्यावरून उलट धाग्याचे छोटे आरएनए काढतात. हे २२ न्यूक्लिओटाइडचे असतात आणि जी ने सुरू होतात, कारण पॉलिमरेज साच्यातल्या सी समोर सुरुवात करतं. म्हणून यांना २२-जी म्हणतात. कुठलाही प्रायमर न वापरता प्रत्येक तुकडा नव्याने सुरू होतो, त्यामुळे प्रत्येकाच्या पहिल्या टोकाला तीन फॉस्फेट राहतात. हे तीन फॉस्फेट लक्षात ठेवा, पुढे सिक्वेन्सिंगमध्ये यांच्यामुळेच पैसे वाया जातात.

२२-जी आरएनए वॅगो नावाच्या आर्गोनॉट गटात बसतात. हा गट सूत्रकृमींचा खास. त्यांतला एचआरडीई-१ जर्मलाइनच्या केंद्रकात शिरतो, लिहिला जात असलेला आरएनए पकडतो आणि एनआरडीई या प्रथिनमंडळींच्या मदतीने त्या जागच्या हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, एच३के९ मिथिलेशनची जीन बंद ठेवणारी खूण पडते. त्याच वेळी २२-जी अंड्यातून पुढच्या पिढीत जातात आणि तिथे पुन्हा त्यांच्या प्रती निघतात. जीनच्या अक्षरांना धक्का न लावता शिक्षा वारशाने चालत राहते ती अशी.

संशय कोण घेतो

बाहेरून दुहेरी आरएनए दिला तर संशय डायसर घेतो. तुमच्या जीएफपीच्या बाबतीत दुहेरी आरएनए आलाच कुठून? बहुधा आलाच नाही. एकाच प्रतीतल्या ट्रान्सजीनवर संशय घेणारा गडी वेगळा आहे: पीआरजी-१, म्हणजे कृमीतलं पिवी प्रथिन (पिवी ही आर्गोनॉटचीच एक शाखा), आणि त्यात बसणारे पायआरएनए नावाचे छोटे आरएनए.

सी. एलेगन्समध्ये पायआरएनए २१ न्यूक्लिओटाइडचे असतात आणि यू ने सुरू होतात. त्यांचे पंधरा हजारांहून जास्त प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा स्वतःचा चिमुकला जीन आहे, बहुतेक चौथ्या गुणसूत्रावर गर्दी करून. त्या जीनच्या साधारण ४० न्यूक्लिओटाइड आधी सीटीजीटीटीटीसीए अशी एक ठरलेली खूण असते. आरएनए पॉलिमरेज-२ तिथून टोपी चढवलेला आखूड आरएनए लिहितं, पुच नावाचं संकुल टोपी आणि पहिले दोन न्यूक्लिओटाइड छाटतं, पार्न-१ दुसरं टोक तासतं आणि हेन-१ त्या टोकावर मिथाइल बसवतं. फळमाशीत पायआरएनए मुख्यतः ट्रान्सपोझॉनच्या, म्हणजे जीनोममध्ये जागा बदलत उड्या मारणाऱ्या डीएनएच्या, तुकड्यांतून बनतात, म्हणजे माशीकडे गुन्हेगारांचे फोटो लावलेले असतात. कृमीचे बहुतेक पायआरएनए कुठल्याच ओळखीच्या ट्रान्सपोझॉनशी तंतोतंत जुळत नाहीत. सुरुवातीला याचाच घोळ झाला होता: जुळत नाहीत तर हे करतात काय?

२०१२ मध्ये एकाच वर्षी अनेक गटांनी उत्तर दिलं: तंतोतंत जुळायची गरजच नाही. पायआरएनएचा दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतचा बीजभाग नीट जुळावा लागतो, पुढे दोन-तीन ठिकाणी चुकलं तरी चालतं, आणि जी-यू अशी ढिली जोडीही खपून जाते. जुळलं की पीआरजी-१ त्या एमआरएनएला त्याच २२-जी कारखान्याकडे ढकलतो आणि पुढचं सगळं वर सांगितल्यासारखं.

याचं गणित एकदा हाताने करून पाहा, मग सगळं लख्ख दिसतं. जीएफपीचा एमआरएनए सुमारे ७०० अक्षरांचा. बीजभाग सात अक्षरांचा, म्हणजे एका जागी एक पायआरएनए योगायोगाने जुळण्याची शक्यता १६,३८४ मध्ये एक. प्रकार धरा १५,०००. तर ७०० गुणिले १५,००० भागिले १६,३८४, म्हणजे जवळजवळ ६४० ठिकाणी कुठला ना कुठला बीजभाग बसतो. आता उरलेल्या १३ अक्षरांत तीन चुका माफ करा आणि जी-यू जोडी जुळली असं धरा. ही चाळणी हजारात साधारण साडेचार जणांना पुढे सोडते. ६४० पैकी उरतात तीन. कागदावरचा अंदाज आहे हा, अक्षरं यादृच्छिक आहेत असं मानून केलेला. पण अर्थ स्पष्ट आहे: पृथ्वीवरच्या कुठल्याही जीवाचा ७०० अक्षरांचा जीन आणून टाका, तीनेक पायआरएनए त्याच्यावर हात ठेवणारच. जेलीफिशचा जीन कृमीने पूर्वी कधी पाहिला होता का, हा प्रश्नच गैरलागू होतो.

आणि तेच गणित कृमीच्या स्वतःच्या २,००० अक्षरांच्या जीनला लावलं तर आठ ठिकाणी बोट येतं. मग स्वतःचे जीन जिवंत कसे?

सूट

सूट देणाऱ्या दोन गोष्टी पक्क्या माहीत आहेत. पहिली सीएसआर-१. हाही आर्गोनॉट, यालाही इगो-१ ने बनवलेले २२-जी मिळतात, पण हे २२-जी जर्मलाइनमध्ये चालू असलेल्या चार हजारांहून अधिक जीनविरुद्धचे असतात आणि ते जीन बंद पडत नाहीत. सीएसआर-१ ला मुद्दाम एखाद्या ट्रान्सजीनच्या आरएनएवर बांधून ठेवलं तर तो ट्रान्सजीन गप्प होण्यापासून वाचतो, आणि गप्प झालेली प्रत चालू प्रतीच्या संगतीत पुन्हा बोलू लागल्याची उदाहरणं आहेत. थोडक्यात, सीएसआर-१ म्हणजे वहीतली नावं. मात्र हा काही निव्वळ संत नाही. तो काही एमआरएनए स्वतः तोडतोही, आणि त्याच्याशिवाय कृमी वांझ होतो, त्यामुळे ‘सीएसआर-१ काढून टाकू आणि बघू’ असा सरळ प्रयोग करता येत नाही.

दुसरी सूट डीएनएतच लिहिलेली असते. जर्मलाइनमध्ये चालणाऱ्या अनेक जीनच्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे एमआरएनएतून छाटल्या जाणाऱ्या भागांत, ए आणि टी चे पुंजके दर दहाएक अक्षरांनी येतात, म्हणजे डीएनएच्या पिळाच्या तालावर. यांना पीएटीसी म्हणतात. हे पुंजके असलेले जीन पायआरएनएच्या माऱ्यातही टिकतात. बाहेरून आणलेल्या जीनमध्ये ते नसतात.

या सुटीचं महत्त्व एका उलट प्रयोगात दिसतं. २०१५ मध्ये दोन गटांनी कृमीतली २२-जी व्यवस्था आधी पुसली आणि नंतर ती पुन्हा चालू केली, पण पायआरएनएविना. अपेक्षा असेल की परके जीन सुटतील, एवढंच. झालं असं की कृमी वांझ झाले. शिक्षा करणारं यंत्र रिकामं राहत नाही. बोट दाखवणारा नसला तर ते घरच्याच जीनवर चालतं. पीआरजी-१ नसलेल्या कृमींत हिस्टोनच्या स्वतःच्या एमआरएनएविरुद्ध २२-जी तयार होतात हेही नंतर दिसलं. म्हणून पायआरएनए म्हणजे फक्त परक्यांवरचा पहारा असं मानू नका. यंत्राचं तोंड योग्य दिशेला धरून ठेवणं हेही त्यांचंच काम.

हे आलं कुठून

आर्गोनॉट, डायसर आणि आरडीआरपी हे त्रिकूट वनस्पती, बुरशी आणि प्राणी वेगळे होण्याआधीचं आहे. कीटकांच्या आणि कण्यवाल्यांच्या वाटेवर आरडीआरपी हरवलं, म्हणून माणसात किंवा माशीत २२-जीसारखं काही सापडत नाही. सूत्रकृमींनी ते राखलं, इतकंच नाही तर त्याच्या जोडीला आर्गोनॉटची फौज उभी केली. सी. एलेगन्सच्या जीनोममध्ये सुरुवातीला २७ आर्गोनॉट मोजले गेले. खोटे जीन वगळून आता कामाचे १९ धरले जातात. माणसात आगो आणि पिवी मिळून आठच.

पिवीही जुनंच, स्पंजातही आहे. त्यामुळे मूळ सूत्रकृमीकडे दोन्ही होतं: पिवीचा पहारा आणि आरडीआरपीची शिक्षा. पुढची गोष्ट २०१५ च्या एका मोठ्या तुलनेतून पुढे आली, जिच्यात सूत्रकृमींच्या पाचही शाखांतल्या जाती तपासल्या गेल्या. पाचव्या शाखेत, म्हणजे सी. एलेगन्स, प्रिस्टिओन्कस, मेंढ्यांच्या पोटातला हिमॉन्कस यांच्या कुळात, पायआरएनए टिकून आहेत. तिसऱ्या शाखेत, जिथे अॅस्कॅरिस आणि हत्तीरोगाचा ब्रुजिया येतात, पिवीच नाही. चौथ्या शाखेत, जिथे मुळांवर गाठी करणारे मेलॉइडोगायनी येतात, तिथेही नाही. पहिल्या-दुसऱ्या शाखांतल्या तपासलेल्या जातींतही नाही. परजीवी झाले म्हणून पिवी गेलं, असं म्हणायचा मोह होतो, पण हिमॉन्कस परजीवी असूनही त्याच्याकडे ते आहे.

पिवी गेल्यावर ट्रान्सपोझॉनना मोकळं रान मिळायला हवं होतं. मिळालं नाही. तिसऱ्या आणि चौथ्या शाखेत २२-जीसारखेच आरएनए थेट ट्रान्सपोझॉनवर जातात, पहारेकऱ्याशिवाय. पहिल्या शाखेतल्या ट्रायकिनेला वगैरेंमध्ये आरडीआरपी आणि डायसर मिळून छोटे आरएनए बनवतात आणि त्याच्या जोडीला डीएनएवरच मिथिलेशन असतं. ही रीत वनस्पतींची आठवण करून देते. सी. एलेगन्सने ते सायटोसिन मिथिलेशन कधीच टाकून दिलं. थोडक्यात, वॉचमन बदलले, काही फाटकांवर वॉचमनच नाही, पण आतली कोठडी तीच.

पहारेकऱ्याची भरतीही गंमतशीर झाली आहे. पायआरएनएच्या जीनआधीची ती खूण आणि तिच्यावर बसणारं एसएनपीसी-४ हे प्रथिन मूळचं स्प्लाइसिंगच्या, म्हणजे आरएनए कापून जोडण्याच्या कामाच्या, छोट्या केंद्रकीय आरएनएचे जीन चालवणारं. तेच सामान पायआरएनए लिहायला जुंपलं गेलं. प्रिस्टिओन्कसमध्ये पायआरएनएचे जीन चालू जीनच्या आसपास विखुरलेले आहेत, सी. एलेगन्समध्ये एका जागी गोळा झालेत. उत्क्रांती नवीन भांडी घेत नाही, घरातल्याच पातेल्यांना नवी कामं देते.

विषाणूंचा भाग थोडक्यात आटोपतो. फ्रान्समध्ये ऑर्से इथे सडक्या सफरचंदावरच्या कृमींत सापडलेला ऑर्से विषाणू हा सी. एलेगन्सचा पहिला नैसर्गिक विषाणू, २०११ साली जाहीर झालेला. त्याच्याविरुद्ध डायसरचा मार्ग चालतो आणि त्यात डीआरएच-१ हे प्रथिन लागतं, ज्याचे चुलतभाऊ आपल्यात इंटरफेरॉन या विषाणूविरोधी इशाऱ्याची घंटा वाजवतात. पण विषाणूविरुद्धचे छोटे आरएनए पुढच्या पिढीला संरक्षण देतात, हे आकर्षक वाक्य ऑर्सेच्या बाबतीत टिकलं नाही. २०१५ मध्ये नेमकं तपासलं तेव्हा वारसा दिसला नाही. आधीचा वारशाचा निष्कर्ष जीनोममध्ये बसवलेल्या फ्लॉक हाउस विषाणूच्या रेप्लिकॉनवरून, म्हणजे स्वतःच्या प्रती काढणाऱ्या तुकड्यावरून, आला होता. जर्मलाइनमधला ट्रान्सजीन आणि आतड्यातला विषाणू यांना एकाच मापाने मोजू नका.

ट्रान्सपोझॉनवर हे यंत्र किती घट्ट बसलंय ते टीसी-१ नावाच्या ट्रान्सपोझॉनवरून कळतं. एन-२ या प्रमाणित स्ट्रेनमध्ये टीसी-१ च्या सुमारे ३० प्रती आहेत. देहपेशींत त्या उड्या मारतात, जर्मलाइनमध्ये गप्प. त्यांच्या दोन्ही टोकांना उलट-सुलट सारखी अक्षरं असल्याने शेजारच्या जीनचं लेखन आत शिरलं की आरएनए स्वतःवरच दुमडून दुहेरी होतो आणि डायसर त्याला धरतो. म्यूट-७ किंवा आरडीई-३ बिघडवलं की टीसी-१ जर्मलाइनमध्येही उडू लागतं. म्हणून या स्ट्रेनना म्युटेटर म्हणतात, आणि म्हणूनच ते वापरताना काळजी लागते.

आता तुमचा विझलेला जीएफपी

पहिलं काम, तो खरंच छोट्या आरएनएमुळे विझलाय का ते ठरवा. पीसीआरने ट्रान्सजीन जागेवर आहे ना, दोन्ही जोड बरोबर आहेत ना, हे बघून घ्या. चमकणारा कृमी आणि विझलेला कृमी शेजारी शेजारी ठेवून गोनाडच, म्हणजे अंडी-शुक्राणू बनवणारा अवयवच, बघा, आतड्यातल्या कणांची स्वतःची पिवळट चमक अनेकांना फसवते.

नंतर तो एचआरडीई-१ च्या म्युटंटमध्ये, म्हणजे ते प्रथिन बिघडलेल्या कृमीत, संकरित करा. म्युटेशन दोन्ही प्रतींत आल्यावर एक-दोन पिढ्यांत चमक परतली तर गुन्हेगार सापडला. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे पीआरजी-१ चा म्युटंट घेणं आणि चमक परतली नाही म्हणून ‘पायआरएनएचा संबंध नाही’ असं लिहून टाकणं. पीआरजी-१ फक्त सुरुवात करतो. शिक्षा एकदा मुरली की ती त्याच्याशिवाय वीस-वीस पिढ्या चालते. याउलट, पीआरजी-१ च्या म्युटंटमध्ये चमक परतली तर शिक्षा अजून मुरलेली नाही, एवढंच कळतं. पीआरजी-१ चा खरा उपयोग उलट बाजूने: ट्रान्सजीन सुरुवातीलाच पीआरजी-१ नसलेल्या कृमीत घाला आणि तो विझतो का बघा.

तापमानाकडे दुर्लक्ष करू नका. म्यूट-१६ आणि आरडीई-३ चे म्युटंट २५ अंशांना वांझ होतात, एचआरडीई-१ चे काही पिढ्यांत वांझ होत जातात. २० अंशांना किंवा त्याखाली ठेवा. एचआरडीई-१ ची शेती वर्षभर प्लेटवर करू नका, लवकर गोठवा. म्युटेटर स्ट्रेन वापरलात तर नंतर एन-२ शी बाहेरचा संकर अनेकदा करा, नाहीतर टीसी-१ ने कुठे काय बिघडवलंय याचा हिशोब लागणार नाही.

जीनोटाइपची, म्हणजे कृमीत कुठला म्युटंट जीन आहे याची, एक झटपट चाचणी आहे: पॉस-१ या भ्रूणाला लागणाऱ्या जीनचा आरएनएआय, म्हणजे त्याला बंद पाडणारा दुहेरी आरएनए, खायला घालणं. एल-४४४० प्लाझ्मिडमधला पॉस-१, एचटी-११५ जिवाणू, एनजीएम प्लेटमध्ये १ मिलिमोलर आयपीटीजी आणि २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर कार्बेनिसिलिन. अँपिसिलिन जिवाणू लवकर पचवतात, म्हणून कार्बेनिसिलिन बरं. प्लेट उजेडात आठवडेच्या आठवडे पडलेली नको. एल-४ या शेवटच्या अळी-अवस्थेतले कृमी ठेवा, २४ तासांनी नव्या प्लेटवर हलवा आणि त्यानंतरची अंडी मोजा. साध्या स्ट्रेनमध्ये अंडी जवळपास सगळी मरतात. आरडीई-३ च्या म्युटंटमध्ये ती फुटून अळ्या बाहेर पडतात. साध्या स्ट्रेनमध्येही अळ्या दिसल्या तर बहुधा कृमींसोबत जुन्या प्लेटवरचा ओपी-५० हा नेहमीच्या खाद्याचा जिवाणू आला आहे. एचआरडीई-१ साठी मात्र ही चाचणी बाद: त्याच पिढीतला आरएनएआय त्याच्यात नीट चालतो, बिघडतो तो वारसा. तिथे पीसीआरच करा.

यूजी शेपटी शोधणं हाही स्वस्त उपाय आहे. उलट बाजूने एसी-एसी अशा पुनरावृत्तीच्या प्रायमरने सीडीएनए बनवा आणि जीएफपीच्या आतल्या प्रायमरने दोन फेऱ्यांचा नेस्टेड पीसीआर. विझलेल्या जीनमध्ये जेलवर एक सुबक पट्टा न येता पायऱ्यांचा फराटा येतो, कारण एमआरएनए वेगवेगळ्या जागी तुटलेला असतो. आरडीई-३ चा म्युटंट शेजारी लावा, तिथे फराटा नसला पाहिजे.

सिक्वेन्सिंग करणार असाल तर ते तीन फॉस्फेट. साधे किट एक फॉस्फेट असलेला आरएनए धरतात, म्हणजे मायक्रोआरएनए आणि पायआरएनए येतील आणि २२-जी जवळजवळ गायब. अहवालात ‘जीएफपीविरुद्ध छोटे आरएनए आढळले नाहीत’ असं येतं आणि सगळे चक्रावतात. अडॅप्टर जोडण्याआधी आरएनएवर जादा फॉस्फेट छाटणाऱ्या आरपीपीएच एन्झाइमची प्रक्रिया करा. १८ ते ३० न्यूक्लिओटाइडचा भाग जेलमधून कापा. शेवटच्या लायब्ररीत १४५ ते १५० बेस जोड्यांच्या आसपासचा पट्टा तुमचा, १२० च्या जवळचा अडॅप्टर डायमर, तो घेऊ नका. जुळवणी करताना जीएफपीचा उलटा धागा बघा, लांबी २२ आणि पहिलं अक्षर जी अशी गाळणी लावा. कुठल्या पायआरएनएने बोट ठेवलं हे हवं असेल तर विझू लागल्याच्या पहिल्याच पिढ्यांचा नमुना लागतो, तेव्हा २२-जी चे ढीग त्या जागेभोवती दिसतात. दहा पिढ्यांनी सगळा जीन भरून गेलेला असतो आणि पहिला ठसा पुसला जातो.

दुरुस्तीत मी ज्या क्रमाने सल्ला देईन तो असा. शक्य असेल तर वेगळा ट्रान्सजीन टाकूच नका, कृमीच्या स्वतःच्या, जर्मलाइनमध्ये जोरात चालणाऱ्या जीनच्या टोकालाच जीएफपी जोडा. वहीत नाव असलेल्या माणसाबरोबर पाहुणा आत जातो तसं. ते जमत नसेल तर जीएफपीचे कोडॉन बदलून त्यातली पायआरएनएची ठिकाणं काढा. अमिनो आम्लं तीच राहतात, अक्षरं बदलतात. हे करताना एक ठिकाण पुसताना दुसरं तयार होत नाही ना, हे पुन्हा तपासावं लागतं, कारण १५,००० जण रांगेत उभे आहेत. त्यात पीएटीसी असलेले इंट्रॉन घाला, जर्मलाइनमध्ये चालणारं ३-प्राइम टोक लावा, टीबीबी-२ या जीनचं बहुधा वापरतात. अनेक प्रतींची एक्स्ट्राक्रोमोसोमल, म्हणजे गुणसूत्राबाहेरची, माळ जर्मलाइनसाठी वापरण्याचा नाद सोडा, ती तर हमखास विझते.

दोन स्वतंत्र स्ट्रेन बनवले, एक चमकतो, एक नाही, अक्षरं मात्र तीच, असंही होतं. हा तुमच्या हाताचा दोष नाही. पहिल्या पिढ्यांत सूट आधी पोचली की संशय, यावर ते ठरतं. म्हणून एकाच रचनेचे चार-पाच स्वतंत्र स्ट्रेन ठेवा आणि चमकणारे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतच गोठवा. नुकत्या उपाशी पडलेल्या एल-१, एल-२ अळ्या, शेवटी १५ टक्के ग्लिसरॉल, हळूहळू उणे ८० अंश.

आणि विझलेला स्ट्रेन चमकणाऱ्याच्या जवळ आणू नका. जीएफपी दोघांत सारखा असेल तर विझलेल्याचे २२-जी संकरातून चमकणाऱ्या प्रतीलाही गप्प करतात आणि मग ती प्रत वेगळी झाली तरी गप्पच राहते. वेगळ्या जीनला लावलेला तोच जीएफपीही याच मार्गाने जाऊ शकतो. संकरासाठी वापरायचा दुसरा रंग, एमचेरी किंवा तत्सम, सुरुवातीलाच ठरवून ठेवलेला बरा.

परजीवी सूत्रकृमींसाठी याचा उपयोग

हा उपप्रश्न सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबाच्या बागांमुळे वारंवार येतो: छोट्या आरएनएने गाठीचे सूत्रकृमी मारता येतील का? वर सांगितलेला उत्क्रांतीचा नकाशा इथे कामी येतो. मेलॉइडोगायनीमध्ये पायआरएनए नाहीत, त्यामुळे त्या बाजूचा विचार सोडून द्या. डायसर आणि आरडीआरपीचा भाग मात्र शाबूत आहे, म्हणजे दुहेरी आरएनए आत पोचला तर काम होतं. २००६ मध्ये अरॅबिडॉप्सिस रोपातच मेलॉइडोगायनीच्या १६-डी-१० जीनचा दुहेरी आरएनए बनवून गाठी कमी करून दाखवल्या गेल्या.

अडचण आत पोचण्याचीच आहे. सी. एलेगन्समध्ये आतड्यातून आरएनए उचलणारं सिड-२ आणि पेशीपेशींत पसरवणारं सिड-१ असतं. जवळच्या सी. ब्रिग्सीमध्येसुद्धा खायला घालून आरएनएआय होत नाही, इंजेक्शनने होतो, आणि एलेगन्सचं सिड-२ त्यात घातलं की खाऊनही होतो. म्हणजे शिक्षेचं यंत्र तिथे तयार आहे, फक्त दार बंद. मातीतल्या दुसऱ्या अवस्थेच्या अळ्या तर मुळात शिरेपर्यंत काही गिळतच नाहीत. पुटीचे सूत्रकृमी प्रयोगशाळेत भिजवताना त्यांनी गिळावं म्हणून ५० मिलिमोलर ऑक्टोपामीन घालतात. बागेत हे जमणार नाही, आणि नुसता दुहेरी आरएनए मातीत ओतला तर तिथले जिवाणू तो खाऊन टाकतात. मुळातूनच आरएनए पुरवणारं झाड किंवा खुंट हाच त्यातला शास्त्रीय दृष्ट्या सरळ मार्ग आहे. बाटलीतल्या आरएनएने बाग वाचेल असं कोणी विकायला आलं तर त्याला एवढंच विचारा: अळी तो गिळते कधी?